काही कमी नाही

ते निवेदन मी लिहिलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको. उस्कुदारच्या आमच्या महिला मंडळाची मी अकरा वर्षं चिटणीस होते, आणि मंडळ बंद करताना पेपरात द्यायचा मजकूर लिहिणं हे चिटणिसाचंच काम.

एकोणीसशे पस्तीस सालचा मे महिना होता. आदल्याच महिन्यात इस्तंबूलमध्ये जगभरातल्या बायकांची परिषद भरली होती. कुठकुठल्या देशांतून बायका आल्या, राजवाड्यात भाषणं झाली, आम्ही त्यांना गुलाबाचा मुरंबा खाऊ घातला आणि आमच्या नव्या टोप्या मिरवल्या. त्यांच्यातल्या काहीजणी म्हणाल्या की युद्ध नको, शस्त्रं नकोत. आमच्यातल्या दोघी-चौघींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वरपर्यंत ऐकू गेल्या असाव्यात. कारण पाहुण्यांची पाठ वळते न वळते तोच आमच्या अध्यक्षा मुकर्रेम हानिम, म्हणजे मुकर्रेमबाई, अंकाराला जाऊन आल्या, आणि आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. अंगावरचा कोटसुद्धा काढला नाही.

"बेहिजे, आपलं काम झालं," त्या म्हणाल्या.

"कसलं काम, हानिम?"

"सगळंच. मताचा हक्क मिळाला. संसदेत बायका बसल्या. आता बायकांचं वेगळं मंडळ कशाला हवंय? लोकांना वाटेल, यांना अजून काहीतरी मागायचंच आहे."

"मागायचं आहेच की. नवरा नको म्हणाला तर बाईला नोकरी करता येत नाही, हे कायद्यात लिहिलंय."

"हळू बोल."

"दार लावलंय."

"तरी हळू बोल. आणि एक छानसं निवेदन लिही. तुझी भाषा चांगली आहे."

आडनावाचा कायदा आला तेव्हा मुकर्रेम हानिमनी 'ओझत्युर्क' हे आडनाव घेतलं होतं. ओझत्युर्क म्हणजे अस्सल तुर्क. त्यांची आई चेर्केस होती आणि मरेपर्यंत तुर्की मोडकंतोडकंच बोलायची, पण ते आम्ही कुणी बोलून दाखवत नव्हतो. बाई वाईट नव्हत्या. बाल्कनच्या युद्धात नवरा गेला, त्यानंतर एकटीने तीन लेकरं वाढवली आणि मंडळही. अंकारात त्यांना कोण काय म्हणालं ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवशी चहाचा पेला उचलताना त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

आणि मी तरी काय फार वेगळी होते? माझा नवरा निहात स्वातंत्र्ययुद्धात, साकार्याच्या लढाईत पडला. चौदा वर्षं मी हुतात्म्याची बायको म्हणून बोटीत बसले की लोक जागा देत. मुलींच्या शाळेतली माझी नोकरी कायम झाली ती त्याच मानाने. देशाविरुद्ध एक शब्द काढायचा म्हणजे निहातच्या कबरीवर पाय ठेवायचा, असं मला खरंच वाटायचं. त्याची कबर कुठे आहे हेही मला ठाऊक नाही, तो भाग निराळा.

मी लिहिलं: 'तुर्की स्त्रीला प्रजासत्ताकाने सर्व काही दिले आहे. आज तिला काहीही कमी नाही. म्हणून तिला वेगळ्या संघटनेची गरज उरलेली नाही.' पुढे बरंच होतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

पेपरांकडे पाठवायच्या आणि सभासदांना वाटायच्या प्रती छापायला मी बोटीने सामुद्रधुनीपलीकडे गेले. बाबालीच्या चढावर मिहरान एफेंदींचा छापखाना होता. आमची सगळी पत्रकं तिथेच छापली जायची. आणि तिथे छपाईचे खिळे जुळवायला होती ग्युझिदे.

ग्युझिदेला मी ओळखत होते ती सहा वर्षांपासून. जुनी अरबी अक्षरं गेली आणि नवी रोमन आली, तेव्हा सरकारने मोठ्या माणसांसाठी वर्ग काढले. आमच्या मंडळातही एक वर्ग होता आणि तो मी घ्यायचे. ही पहिल्या बाकावर. तेव्हा चोवीस-पंचवीसची असेल, मांडीवर धाकटी मुलगी झोपलेली. जुन्या अक्षरांतलं तिला आपलं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. नवी अक्षरं ती सहा आठवड्यांत शिकली आणि सातव्या आठवड्यात माझ्या फळ्यावरच्या चुका दाखवायला लागली.

गंमत अशी, की तिचा नवरा वासफी त्याच चढावरच्या एका छापखान्यात जुन्या अक्षरांचा जुळारी होता. साधासुधा नाही, लोक त्याला वासफी उस्ता म्हणत. जुन्या लिपीच्या खिळ्यांना पाचशेच्या आसपास खण असत, आणि हा गप्पा मारता मारता, न बघता खिळा उचलायचा. नवी लिपी आली ती तीन डझन खणांत मावली. "हा पोरखेळ आहे," असं तो म्हणाला आणि तो पोरखेळ त्याला जमला नाही. त्याचा हात उजवीकडूनच सुरू व्हायचा. ओळ जुळवून झाली की ती उलटी निघायची. मालकाने तीन महिने वाट पाहिली आणि मग त्याला घरी पाठवलं. त्यानंतर वर्षभराने ग्युझिदे मिहरान एफेंदींकडे लागली. पाच वर्षं ते घर तिच्या बोटांवर चाललं होतं.

पण कहवाखान्यात लोक वासफी उस्ताला 'ग्युझिदेचा नवरा' म्हणायला लागले. तिथे पेपर मोठ्याने वाचला जायचा आणि कुणीतरी हटकून म्हणायचं, "उस्ता, हे तुमच्या बायकोने जुळवलंय का हो? जरा वाचून दाखवा बघू." त्या मार्चमध्ये त्याने वकिलाकडून मिहरान एफेंदींना पत्र पाठवलं: माझ्या पत्नीच्या नोकरीला माझी संमती नाही. कायद्यापुढे एवढं पुरेसं होतं. बायकोकडे एकच वाट उरत होती. कुटुंबाच्या भल्यासाठी ही नोकरी गरजेची आहे, असं न्यायाधीशापुढे सिद्ध करायचं. ग्युझिदेने तसा अर्ज केला होता आणि निकाल लागेपर्यंत मिहरान एफेंदींनी तिला कसंबसं ठेवून घेतलं होतं. तारीख होती बारा जून. आमचं मंडळ तिच्या मागे उभं राहील, असा शब्द मी तिला दिला होता.

मी कागद तिच्या पुढ्यात ठेवला. तिने वाचला. पुन्हा वाचला.

"ताई, हे असंच छापायचं?"

"असंच."

"'काहीही कमी नाही'?"

"अगं, पेपरातला मजकूर आहे. पेपरात असंच लिहायचं असतं."

"आणि माझं?"

"तुझं कोर्टात. मी येणार आहे ना साक्षीला."

"मंडळ नसलं तरी?"

"मंडळ नसलं तरी मी आहे."

मिहरान एफेंदी मागे शाई घोटत होते. ते हात पुसत पुढे आले. "बेहिजे हानिम, साक्ष मी देतो की. पाच वर्षं मी हिचं काम बघतोय. हिच्या पगारावर घर चालतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. भला माणूस. पण दारावर पाटी लटकत होती, 'नागरिक, तुर्की बोल.' ती त्यांनी स्वतःच लावली होती, आणि दुकानात भाऊ आला तरी त्याच्याशी ते तुर्कीतच बोलत.

"एफेंदी, रागावू नका," मी म्हणाले. "तुर्की नवऱ्याच्या विरोधात आर्मेनियन मालक उभा राहिला तर वासफीचा वकील दुसरं काही बोलायलाच नको. हिचंच नुकसान होईल."

"खरं आहे," ते म्हणाले. "मी शाईच घोटतो."

म्हणजे ग्युझिदेला साक्षीदार उरला एकच. तो म्हणजे मी, आणि एकच उरेल असं मीच केलं होतं.

तिने ते निवेदन तासाभरात जुळवलं. मी प्रूफ वाचलं. एकही चूक नव्हती.

मंडळाची शेवटची सभा बुधवारी झाली. आम्ही सव्वीसजणी होतो. मुकर्रेम हानिमनी ठराव वाचला, सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. टाळ्या झाल्या. कुणाचं लग्न असावं तसे बदाम वाटले. फक्त कोपऱ्यातली म्हातारी वेसिले निने, तिला ऐकू कमी यायचं, ती शेजारणीला विचारत राहिली, "मग पुढच्या बुधवारी यायचं कुठे?" शेजारणीने तिच्या हातावर बदाम ठेवले.

बारा जूनला मी माझा काळा कोट घातला आणि निहातचं पदक लावलं. ते मी सणासुदीलाच लावत असे. मला वाटलं, ग्युझिदेला त्याचा उपयोग होईल.

न्यायालयाची खोली लहान होती, खिडक्या उघड्या असूनही गुदमरायला होत होतं. वासफी उस्ता घासूनपुसून आला होता, कोटाची कॉलर उलटवून शिवलेली. ती शिलाई ग्युझिदेचीच असणार. त्याचा वकील सेझाई बे, तिशीचा, बो टाय लावलेला, बोलायला अगदी गोड. मागच्या बाकावर मुकर्रेम हानिम बसल्या होत्या. त्या येणार आहेत हे मला माहीत नव्हतं.

सुरुवात चांगली झाली. मी सांगितलं, दोन मुली शाळेत जातात त्या आईच्या पगारावर. घरभाडं, कोळसा, पाव, सगळं तिच्या पगारावर. वासफी उस्ताला गोदामावर राखणदारी मिळते ती महिन्यातून दहा दिवस. न्यायाधीश पांढऱ्या मिशांचे, थकलेले, पण लक्ष देऊन ऐकत होते. दोनदा त्यांनी मान हलवली. ग्युझिदे हात मांडीवर ठेवून बसली होती, नखांत शाई होती. एकदा तिने माझ्याकडे बघितलं. तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला.

मग सेझाई बे उठले.

"हुतात्म्याच्या पत्नीला मी काय विचारणार?" ते म्हणाले आणि थोडे झुकले. "फक्त एक कागद वाचतो. तीनच ओळी आहेत."

त्यांनी वाचलं. सावकाश, छान उच्चारांत. वाचून झाल्यावर कागद मला दिला.

"हे आपण लिहिलंत?"

"हो."

"कुणी लिहायला भाग पाडलं?"

मागच्या बाकावर मुकर्रेम हानिम खोकल्या. खोटं नव्हे, त्यांना दमा होता.

"नाही," मी म्हणाले.

"मग इथे एवढंच सांगा. आपल्या मते आज तुर्की स्त्रीला काही कमी आहे का? प्रजासत्ताकाने केलेल्या कायद्यात काही उणीव आहे का? हो की नाही?"

"त्याचं उत्तर असं एका शब्दात…"

"एकाच शब्दात येतं, हानिम. 'काहीही कमी नाही.' शब्द आपलेच आहेत."

न्यायाधीशांनी लेखणी वर धरली. "सांभाळून उत्तर द्या," ते म्हणाले, आणि मला आजही वाटतं ते मायेने म्हणाले. "प्रश्न राष्ट्राच्या कायद्याबद्दल आहे. कारकून तुमचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतो."

लोक विचारतात तेव्हा मी सांगते की मला भीती वाटली. नोकरी जाईल, पेपरात नाव येईल, पोलीस घरी येतील. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठं दुसरंच काही होतं. समोर भिंतीवर झेंडा होता, छातीवर पदक होतं, आणि 'हो, कमी आहे' असं म्हणणं मला घाण बोलण्यासारखं वाटलं. परक्या बायका आपल्या घरी येऊन जेवून गेल्या, आता घरातली भांडी उंबऱ्यावर कशी मांडायची? मला लाज वाटली. ग्युझिदेची नाही, स्वतःचीही नाही. देशाची. एका बाईचं पोट आणि देशाची अब्रू यात मी अब्रू उचलली, आणि उचलताना मला चक्क अभिमान वाटला.

"नाही," मी म्हणाले.

"कमी नाही?"

"नाही."

"आभारी आहे. म्हणजे कायदा पुरेसा आहे. कायदा म्हणतो नवऱ्याची संमती हवी. नवरा म्हणतो संमती नाही. मला आणखी काही बोलायचं नाही."

"पण हिची गोष्ट वेगळी आहे," मी म्हणाले. "हिच्या मुली…"

"पुरे, हानिम," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही तुमचं काम केलंत."

निकाल तिथल्या तिथे झाला. वासफी उस्ताने गोदामाच्या मालकाची चिठ्ठी दाखवली, की जुलैपासून तो कायमचा राखणदार म्हणून लागेल. पगार तिच्या पगाराच्या निम्माही नव्हता, पण तो पगार होता. न्यायाधीश म्हणाले, कुटुंबाचं पोषण ही पतीची जबाबदारी आहे आणि ती तो उचलतो आहे. पत्नीच्या नोकरीची गरज सिद्ध होत नाही. मग, निकालाचा भाग नव्हता तरी, ग्युझिदेकडे बघून म्हणाले, "मुली, प्रजासत्ताकाला शिकलेल्या आया हव्या आहेत. तू शिकलेली आहेस. मुलींना शिकव."

ग्युझिदे उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. कुठे जायचं ते तिला कळत नव्हतं. त्या वेळेला ती रोज छापखान्यात असायची.

बाहेरच्या ओसरीवर वासफी उस्ता माझ्याकडे आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने छातीशी धरली. मला वाटलं होतं तो चढून बोलेल. पण त्याचे डोळे ओले होते.

"हानिम, तुम्ही देवमाणूस आहात," तो म्हणाला. "तिच्याकडून आलात, तरी खरं बोललात. आज पाच वर्षांनी मी मान वर करून घरी जाईन."

"उस्ता, तिला काम करू द्या," मी म्हणाले. "अजूनही तुमच्या हातात आहे. एक सही केलीत तरी…"

"सही?" तो हसला. "मी कुठल्या अक्षरांत करू? जुन्या अक्षरांतली चालत नाही, आणि नव्या अक्षरांतली मला तीच शिकवणार? बायकोने नवऱ्याला अक्षरं शिकवायची?" मग त्याचा आवाज खाली आला. "मी तिला मारत नाही, हानिम. कधी हात लावलेला नाही. विचारा तिला."

तो जिन्याशी जाऊन थांबला. मी ग्युझिदेचा हात धरला. गार होता.

"वरच्या न्यायालयात जाऊ," मी म्हणाले. "मी अर्ज लिहिते. आज रात्रीत लिहिते."

"नको, ताई."

"का नको?"

"तुमचं लिहून झालंय."

"ग्युझिदे, तू मला समजून घे. तो प्रश्नच असा होता. तिथे 'हो' म्हणता येत नाही. कुणालाच येत नाही."

"मला कळतंय."

"नाही, तुला राग आलाय. बोल काय बोलायचं ते. मला चार शिव्या दे."

"शिव्या कशाला देऊ? तुम्ही मला अक्षरं शिकवलीत." तिने हात सोडवून घेतला आणि नखांतली शाई दुसऱ्या नखाने काढायला लागली. "ताई, एक विचारू? तुम्ही शाळेत शिकवता, त्याला कुणाची संमती लागते?"

"मला? मला कुणाची लागणार? मी तर…"

"तेच म्हणते. तुमचं बरं आहे. तुमचा मेला."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. कुणाला रेशमी कापड स्वस्तात मिळालं तर बायका म्हणतात ना, तुमचं बरं झालं हो, त्याच सुरात म्हटलं. मग ती जिना उतरली. वासफी उस्ता दोन पायऱ्या पुढे, ती मागे. खाली रस्त्यावर त्याने मान वर केलेली मला वरून दिसली.

मला तिचा भयंकर राग आला. बोटीत बसले, कुणीतरी उठून जागा दिली, तरी राग उतरेना. हुतात्म्याबद्दल असं बोलायचं? माझ्या निहातबद्दल? छातीवर हात ठेवला तर पदक बोटाला टोचलं. बोट किनाऱ्यापासून सुटली आणि मी मनातल्या मनात तिला सुनावायला लागले. माझा निहात काही वासफी नव्हता, शिकलेला होता, देशासाठी गेला. तो असता तर मला कधीच अडवलं नसतं. असं कितीतरी सुनावलं.

मग मला आमच्या मंडळाची कार्यकारिणी आठवली. अध्यक्षा, विधवा. खजिनदार, विधवा. मी, विधवा. जिल्ह्याजिल्ह्यांत भाषणं द्यायला जायच्या त्या दोघी, एक विधवा, दुसरीचा नवरा रशियाच्या कैदेतून परतलाच नाही. आम्ही अकरा वर्षं व्यासपीठांवर उभं राहून सांगत होतो की तुर्की स्त्री मोकळी झाली आहे. मोकळ्या झालेल्या सगळ्या एकाच वाटेने मोकळ्या झाल्या होत्या, आणि ती वाट कुठल्याच निवेदनात मी लिहिली नव्हती.

आणि बोट उस्कुदारला लागायच्या आत मला तेही आठवलं, जे मी चौदा वर्षं आठवू दिलं नव्हतं. ह्याच धक्क्यावरून निहात अनातोलियाला निघाला होता, शहर ताब्यात घेतलेल्या शत्रूच्या पहारेकऱ्यांना चुकवून, हमालाच्या कपड्यांत. मी तेव्हा शाळेत नुकतीच लागले होते, वर्गातून तशीच धावत आले होते, हातांना खडू लागलेला. त्याने तो खडू आपल्या बाहीने पुसला. म्हणाला, "मी परत आलो की हे शाळेचं सोडून दे हं."

मी 'बरं' म्हटलं होतं.